अचानक गेलेलं माणूस आणि अडून राहिलेला शोक

आपलं माणूस ‘येतो हं’ म्हणून घराबाहेर पडतं आणि संध्याकाळी येतो तो अनोळखी नंबरवरचा फोन. महामार्गावरचा अपघात, दरडीखाली गाडलं गेलेलं घर, बंधाऱ्यात बुडालेलं मूल, बोलता बोलता छातीत दुखून कोसळलेला नवरा, कोविडच्या लाटेत शेवटचं तोंडही न दिसता गेलेले वडील, शेतातच आयुष्य संपवलेला भाऊ. एकट्या २०२२ या वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं अपघातांत गेली. त्या प्रत्येकामागे एक घर आहे आणि त्या घरात आजही कुणीतरी दाराच्या आवाजाकडे कान लावून बसलेलं आहे.

हा लेख त्या घरांतल्या माणसांसाठी आहे. ज्यांच्याकडे वर्षश्राद्ध होऊन गेलं, भेटायला येणारे येईनासे झाले, सगळे ‘आता सावरायला हवं’ म्हणू लागले, पण ज्यांचा दिवस अजूनही त्याच तारखेला अडून बसला आहे, त्यांच्यासाठी तर खासच.

अशा मृत्यूत शेवटचा तासभर त्या माणसाच्या अख्ख्या आयुष्याला झाकून टाकतो. डोळे मिटले की भाजीत मीठ कमी म्हणणारा, क्रिकेटसाठी जागणारा, आईची औषधं न चुकता आणणारा मुलगा दिसत नाही. दिसतो तो रस्ता, ते शवागार, ते पांढरं कापड. म्हणून ‘सावरलो तर त्याला विसरल्यासारखं होईल’ ही अनेकांच्या मनातली भीती खरी नाही. अडलेल्या शोकामुळेच आपलं माणूस आपल्यापासून दुरावलेलं असतं. त्या एका तासाखालून ते माणूस परत मिळवायचं, हे शोकाचं खरं काम. ते कसं करायचं, हे पुढे सांगतो आहे.

साधा शोक आणि अडलेला शोक

शोक हा आजार नाही. महिनोन्‌महिने रडू येणं, जेवणावरची वासना उडणं, गर्दीत पाठमोरी आकृती पाहून तोच आहे असं वाटणं, रिकाम्या खोलीत त्याचा आवाज ऐकू येणं, देवावर राग येणं, हे सगळं माणसाला होतं. त्यात वेड लागण्यासारखं काही नाही.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, असं आपण बऱ्याच ठिकाणी वाचतो. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ती मांडणी केली, ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या पायऱ्या क्रमाने चढायच्या, असा नियम नाही. आज शांत वाटेल, उद्या एखादं गाणं कानावर पडेल आणि पहिल्या दिवसासारखा हुंदका येईल. याचा अर्थ तुम्ही मागे गेलात असा होत नाही.

मात्र बहुतेकांच्या बाबतीत काळ जातो तशी शोकाची धार हळूहळू बोथट होते आणि काहींच्या बाबतीत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची नवी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकाळ अडून राहिलेल्या शोकाला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली आहे. त्यासाठी किमान सहा महिने उलटलेले असावे लागतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी प्रौढांसाठी बारा महिन्यांची मुदत धरली. कुटुंबाच्या धर्मात आणि रीतीभातीत जेवढा शोक स्वाभाविक मानला जातो, त्याच्या पलीकडे गेला तरच त्याला आजार म्हणायचं, हेही दोन्हीकडे स्पष्ट केलेलं आहे.

नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहांतल्या एका माणसाचा शोक असा अडतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसून आलं. अपघात, आत्महत्या, खून, आपत्ती अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण कितीतरी जास्त आढळतं. तेव्हा वर्ष उलटूनही तुम्ही सावरला नसाल, तर तुमचं मन कमकुवत आहे असं समजू नका. घावच तसा आहे.

पुढच्यापैकी बऱ्याच गोष्टी वर्षभरानंतरही जवळजवळ रोज होत असतील, तर मदत घ्यायची वेळ झाली आहे:

* गेलेल्या माणसाची ओढ किंवा त्याचाच विचार इतका की बाकी काही सुचत नाही.
* तो गेला यावर अजूनही विश्वास बसत नाही.
* ‘त्याच्याबरोबर मीही संपले’ असं वाटतं.
* त्याची खोली, तो रस्ता, ते रुग्णालय, त्याचे मित्र यांपासून तुम्ही जाणूनबुजून दूर राहता.
* राग, अपराधीपणा किंवा कडवटपणा कमी होत नाही.
* मन बधिर झालं आहे, नातवंडाला उचलून घेतलं तरी आत काही हलत नाही.
* काम, शाळा, घर, देवघर कशातच पाय ठरत नाही.

घटनेचं चित्र एकाएकी डोळ्यांपुढे येणं, त्याचीच स्वप्नं पडणं, भोंगा किंवा पावसाचा मोठा आवाज झाला की दचकून घाम फुटणं, हेही सोबत असेल तर शोकाबरोबर आघाताचा त्रासही जडलेला आहे. दोन्हींवर उपचार आहेत. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगा.

आधी शरीर

जे शरीर झोपलेलं नाही, जेवलेलं नाही, त्याला दुःख पेलवत नाही. म्हणून सुरुवात इथून करा. उठण्याची वेळ एकच ठेवा, मग झोप लागलेली असो वा नसो. भूक नसली तरी दोन वेळा ताटावर बसा, निदान वरणभात किंवा पेज तरी पोटात जाऊ द्या. दिवसातून एकदा उन्हात चाला. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांची औषधं या काळात हमखास चुकतात. घरातल्या एकाने ती हातात आणून द्यावीत.

दारूने झोप येते असं वाटतं, पण मध्यरात्री जाग येते आणि तेव्हा दुःख दुप्पट झालेलं असतं. झोपेच्या गोळ्यांबाबतही सावध राहा. दुसरा काही मानसिक आजार नसेल, तर केवळ शोकासाठी झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितलं. शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी आधीच सुरू केलेली गोळी मात्र एकदम तोडू नका, त्यांना विचारून कमी करा.

अपघाताची दृश्यं मोबाइलवर फिरत असतील तर ती पाहू नका. घरातल्या एका धीराच्या माणसाने ती तुमच्या फोनमधून काढून टाकावीत. एकदा पाहिलेलं दृश्य मनातून काढणं फार अवघड असतं.

दुःखालाही वेळ द्या, दिवसालाही

‘मन गुंतवून घे, विसरशील’ असं एक जण सांगतो. ‘रडून मोकळी हो’ असं दुसरा सांगतो. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये असं मांडलं की सावरणारं मन दोन कामांमध्ये ये-जा करत असतं. कधी ते गेलेल्या माणसाकडे वळतं, तर कधी बदललेल्या आयुष्याकडे. शोक अडतो तो ही ये-जा थांबल्यावर: दिवसभर दुःखातच बुडून राहिलं तरी, आणि दुःखाकडे एकदाही वळून पाहिलं नाही तरी.

म्हणून दोन्हींसाठी वेळ ठरवा. रोज अर्धा तास त्याच्यासाठी राखा. त्या वेळी फोटो पाहा, त्याच्याशी बोला, रडा, वहीत लिहा. अर्धा तास झाला की तोंड धुऊन ठरवलेलं एखादं काम हाती घ्या: भाजी आणणं, बँकेत जाणं, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालणं. सुरुवातीला हे यांत्रिक वाटेल. पण इतर वेळी हुंदका दाटून आला तर ‘संध्याकाळी तुझ्यासाठी बसणार आहे’ असं मनाशी म्हणता येतं, आणि हळूहळू ते मनाला पटतं.

या ये-जा करण्यात हसू आलं तर येऊ द्या. मुलाच्या माघारी आपण हसलो म्हणून आई रात्रभर स्वतःला दोष देते, असं पुष्कळ घरांत घडतं. हसल्याने त्याच्यावरचं प्रेम कमी होत नाही.

तो दिवस पूर्ण सांगा

अडलेल्या शोकात मन घटनेच्या एकाच तुकड्याभोवती फिरत राहतं: फोनची रिंग, शवागाराचं दार, काढलेली चप्पल. बाकीचा दिवस गळून जातो. तो तुकडा पुन्हा पूर्ण गोष्टीत बसवला की त्याची टोचणी कमी होते.

विश्वासाच्या एका माणसाला बसवा आणि गोष्ट आदल्या दिवसापासून सांगा. आदल्या रात्री जेवायला काय होतं, सकाळी तो काय म्हणाला, कोणता शर्ट घातला होता, बातमी कुठे कळली, त्यानंतर कोण धावत आलं, कुणी पाणी दिलं, कुणी गाडी काढली. अंत्यविधीवर थांबू नका, आजच्या दिवसापर्यंत या. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. प्रत्येक वेळी एखादा विसरलेला तपशील सापडतो आणि त्यात बहुधा कुणाची तरी माया असते.

एक सावधगिरी हवीच. सांगताना श्वास कोंडत असेल, आपण आत्ता तिथेच आहोत असं वाटत असेल, तर थांबा. पाय जमिनीवर टेकवा, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. हे काम मग घरी न करता तज्ज्ञासमोर करा. घटना घडल्या घडल्या कुणाला तिचं वर्णन करायला लावणंही योग्य नाही. पहिल्या दिवसांत चहा, अंथरूण आणि सोबत एवढंच पुरेसं असतं.

‘मी त्याला जाऊ दिलं नसतं तर’

अचानक मृत्यूनंतर जवळजवळ प्रत्येक जण स्वतःवर खटला चालवतो. गाडी घेऊन दिली नसती तर. फोन उचलला असता तर. त्या रुग्णालयाऐवजी दुसरीकडे नेलं असतं तर. ‘तुझी काही चूक नाही’ असं लोक सांगतात, पण ते आतपर्यंत पोचत नाही, कारण मनातला आरोप कुणी नीट ऐकूनच घेतलेला नसतो.

तो आरोप कागदावर मांडा. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात आरोप लिहा: ‘त्या रात्री मी त्याला पावसात जाऊ दिलं.’ दुसऱ्यात त्या क्षणी तुम्हाला काय ठाऊक होतं ते लिहा: तो नेहमीच त्या रस्त्याने जायचा, पाऊस थांबत आला होता, दुसऱ्या दिवशी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. तिसऱ्यात या मृत्यूला आणखी काय काय कारणीभूत होतं ते लिहा: समोरून आलेल्या वाहनाचा वेग, दिवे नसलेला रस्ता, उशिरा आलेली रुग्णवाहिका. नंतर कळलेल्या गोष्टी आपण आधीच्या निर्णयाला चिकटवत असतो. तीन भाग समोर ठेवले की ते दिसू लागतं.

कधी तिसऱ्या भागानंतरही पहिल्यात काहीतरी खरं उरतं. आपण भांडलो होतो, दुर्लक्ष केलं होतं. मग त्याला पत्र लिहा आणि माफी मागा. त्यानंतर तुमच्या जागी तो असता तर त्याने तुम्हाला काय उत्तर दिलं असतं, तेही लिहा. बहुतेकांच्या हातून उत्तराचं पत्र अधिक मायेचं लिहिलं जातं.

टाळलेल्या गोष्टींकडे एकेक पाऊल

ज्या गोष्टी तुम्ही टाळता त्यांची यादी करा. सर्वांत सोपी वर, सर्वांत अवघड खाली. त्याची आवडती थालीपीठं करणं, त्याच्या मित्राला फोन करणं, आवाजी संदेश ऐकणं, कपाट उघडणं, त्या वळणावरून जाणं. आठवड्याला एकच गोष्ट घ्या, सोबत कुणाला तरी घ्या, आणि घबराट उतरेपर्यंत तिथे थांबा. ती उतरतेच. पुढचं पाऊल ते जमल्यावर.

कपाट रिकामं करण्याची घाई नातेवाइकांनी करू नये. कपडे तिसऱ्या दिवशी काढा की तीन वर्षांनी, तो निर्णय तुमचा. फक्त एवढं विचारा: ही खोली त्याची आठवण देते आहे, की मला त्या तारखेवरच थांबवून ठेवते आहे?

माणूस परत मिळवणं

इथून पुढचं काम सर्वांत मोलाचं आहे. त्याच्या शाळेतल्या मित्रांना, कार्यालयातल्या सहकाऱ्यांना, चहावाल्याला विचारा, तुम्हाला त्याची कोणती गोष्ट आठवते? एका वहीत लिहून घ्या. त्यातल्या अर्ध्या तरी तुम्हाला माहीत नसतील. त्याचे दोषही लिहा. फोटोला हार घातला की आपण माणसाला देव करून टाकतो, आणि देवाशी गप्पा मारता येत नाहीत.

गेलेल्याशी असलेलं नातं तोडल्याशिवाय सावरता येत नाही, असं मानसशास्त्र एकेकाळी मानत असे. १९९० च्या दशकात ती समजूत बदलली. नातं राहतं, त्याचं रूप बदलतं, हे आता स्वीकारलं गेलं आहे. आपल्या रीतीभातींना हे कधीपासूनच ठाऊक होतं. पितृपक्षातलं पान, बौद्ध घरांतला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, मुस्लिम घरांतला चाळिसावा, ख्रिस्ती घरांतली महिन्याची मिस्सा या सगळ्यांमुळे त्या माणसाचं नाव घरात मोठ्याने घ्यायला एक जागा मिळते. विधीवर श्रद्धा असेल तर तो करा. नसेल तर त्याच्या नावाने एका मुलाची फी भरा, रक्तदान करा, झाड लावा.

तारखांची तयारी आधीच करा. वाढदिवस, पहिली दिवाळी, गणपती, भाऊबीज आणि ती तारीख जवळ आली की आठवडाभर आधीच अंग जड होतं. त्या दिवशी कोण सोबत असेल, कुठे जायचं, कोणता बेत करायचा, कुठला भाग वगळायचा, हे आधी ठरवा. दुखवट्याचं वर्ष म्हणून सण केला नाही तर चालतंच. पण घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यापुरता एक आकाशकंदील लावा.

देह सापडला नाही तर

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. तिथे चिखलाच्या डोंगराखाली माणूस आहे हे ठाऊक असून त्याला अग्नी देता आला नाही. अशा घरांत मन दोन्हीकडे ओढलं जातं. गेला म्हणावं तर अपराधी वाटतं, आहे म्हणावं तर जगता येत नाही. दोन्ही विचार एकाच वेळी मनात असणं हा वेडेपणा नाही. ‘बहुधा तो नाही, आणि तरी मी वाट पाहते’ असं म्हणत जगता येतं.

देह नसताना अंत्यविधी करण्याची सोय आपल्या परंपरेत आहे. पालाशविधी त्यासाठीच असतो. घर तयार असेल तेव्हा तो करा किंवा त्या जागी दगड बसवून सगळे मिळून निरोप द्या. निरोपाला जागा आणि साक्षीदार लागतात. कायद्याने बेपत्ता माणूस मृत धरायला एरवी सात वर्षं जावी लागतात. मोठ्या आपत्तींनंतर मात्र सरकार चौकशी करून त्याआधीही मृत्यूची नोंद करतं. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. दाखला घेतला म्हणजे आशेचा घात केला, असं मानू नका. मुलांचं शिक्षण आणि वारसाहक्क त्यावर अवलंबून असतात.

आत्महत्येनंतर

इथे शोकाला लाजेची जोड मिळते. लोक कारण विचारतात, घरातले एकमेकांना दोष देतात आणि शेवटी त्याचं नावच घेणं बंद होतं. आत्महत्येला सहसा एकच कारण नसतं. आजार, कर्ज, व्यसन, एकटेपणा, तो क्षण असं बरंच काही एकत्र आलेलं असतं. शेवटचा फोन किंवा शेवटचं भांडण म्हणजे कारण नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे. तुमच्या माणसाकडेही त्याच नजरेने पाहा.

शेजारच्यांना सांगायला एक वाक्य ठरवून ठेवा: ‘तो फार त्रासात होता, त्यातच गेला. याहून जास्त आत्ता बोलवत नाही.’ मुलांपासून लपवू नका. त्यांना बाहेरून कळतंच. ‘बाबांच्या मनाला आजार झाला होता, त्यात ते गेले, त्यात तुझी काही चूक नव्हती’ एवढं सहा वर्षांच्या मुलालाही सांगता येतं. बाकीचं त्याच्या प्रश्नांप्रमाणे. आत्महत्या झालेल्या घरातल्या इतरांनाही धोका वाढलेला असतो. म्हणून अशा घरातल्या प्रत्येकाची एकदा तरी तज्ज्ञाशी भेट व्हावी.

एकाच घरातले वेगवेगळे शोक

मुलगा गेल्यावर आई रडते, बाप शेतात किंवा दुकानात जाऊन बसतो. ‘याला काही वाटतच नाही’ असं तिला वाटतं. ‘हिच्यासमोर मी कोसळलो तर घर कोण सांभाळेल’ असं त्याला वाटत असतं. आठवड्यातून एकदा दोघांनी दहा मिनिटं फक्त मुलाबद्दल बोलावं. या एका सवयीने संसार तुटता तुटता वाचू शकतो.

लहान मुलं तुकड्यातुकड्यांनी शोक करतात. आत्ता रडतील, पाच मिनिटांनी खेळतील. ‘देवाघरी गेला’, ‘झोपला’ असं न सांगता ‘त्याचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही’ असं सरळ सांगा. शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करा आणि वर्गशिक्षकांना कल्पना द्या.

नवरा गेलेल्या बाईवर दुहेरी आघात होतो. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या काढण्याच्या प्रथेने तिच्या शोकात अपमानाची भर पडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसंच करण्याचं आवाहन केलं. तुमच्या घरात ही वेळ आली तर घरातल्या मोठ्या बाईने पुढे होऊन ‘आमच्याकडे हे होणार नाही’ असं म्हणावं.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

‘देवाची मर्जी’, ‘दुसरं मूल होईल’, ‘त्याहून वाईट झालेली माणसं आहेत’, ‘आता किती दिवस?’ ही वाक्यं घरीच ठेवून जा. काय बोलावं सुचत नसेल तर त्याचं नाव घ्या आणि त्याची एक आठवण सांगा. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणून निघू नका. मंगळवारी डबा आणतो, गॅसची नोंदणी करतो, मुलाला शिकवणीला सोडतो, असं नेमकं काम अंगावर घ्या. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज तिसऱ्या महिन्यात आणि दुसऱ्या वर्षात असते. तुमच्या दिनदर्शिकेत त्या घराची तारीख लिहून ठेवा.

कागदपत्रांचं काम एका नातेवाइकाने अंगावर घ्यावं. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, विम्याचा अर्ज प्रत्येक वेळी आईने का वाचावेत? मोटार अपघाताच्या भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा, असं कायदा सांगतो. म्हणून वकिलाला लवकर भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या तारखेला कुणालाही एकटं पाठवू नका.

तज्ज्ञाची मदत

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. कॅथरिन शिअर यांनी अडलेल्या शोकासाठी साधारण सोळा भेटींची उपचारपद्धती तयार केली. ती नेहमीच्या समुपदेशनापेक्षा जास्त उपयोगी ठरते, हे २००५ पासूनच्या चाचण्यांत दिसून आलं आहे. घटना पूर्ण सांगणं, टाळलेल्या गोष्टींकडे जाणं, गेलेल्याशी संवाद, पुढच्या आयुष्याचं ध्येय हे तिचे भाग आहेत. वर दिलेली बरीचशी कामं त्याच धर्तीची आहेत. केवळ नैराश्याच्या औषधांनी शोक सुटत नाही, असं त्यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं. पण शोकासोबत नैराश्य असेल तर उपचाराला औषधाची जोड उपयोगी पडते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला विचारा, ‘मला शोकासाठी बोलण्याचा उपचार हवा आहे, तो इथे कोण करतं?’

पैसे नाहीत किंवा गाव लांब आहे, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. गावातल्या आशा सेविकांना विचारलं तर त्या वाट दाखवतात.

‘त्याच्याकडे जावंसं वाटतं’ असं शोकात पुष्कळांना वाटतं. पण कसं आणि कधी याचा विचार सुरू झाला असेल, निरोपाची भाषा येऊ लागली असेल, तर उद्याची वाट पाहू नका. आत्ताच घरातल्या एकाला सांगा, १४४१६ किंवा ११२ ला फोन करा, रुग्णालय गाठा. घरातल्यांनी कीटकनाशक आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्या माणसाला एकटं सोडू नये. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट त्या माणसाचं ओझं हलकं होतं.

या आठवड्यात

सगळं एकदम करू नका. या आठवड्यात एकच ठरवा: एका माणसाला निवडा आणि त्याला सांगा, ‘मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, तू फक्त ऐक.’ पुढच्या आठवड्यात वहीची पहिली गोष्ट लिहा. वर्षाहून अधिक काळ अडून बसला असाल तर याच आठवड्यात १४४१६ ला फोन करा किंवा डॉक्टरांची वेळ घ्या. दुःख पूर्णपणे जाणार नाही, आणि ते जावं असं तुम्हालाही वाटत नसेल. पण त्याचं नाव निघालं की आधी त्याचा चेहरा आठवावा आणि त्याचा शेवट नंतर, इथपर्यंत येता येतं. तुमच्यासारखाच घाव सोसलेली पुष्कळ माणसं तिथवर पोचली आहेत, आणि बहुतेकांना वाटेत कुणाची तरी सोबत लागली आहे. ती सोबत मागा.